२०३५ सालच्या पानावरची माणसं

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. बेलापूर

माझं सगळं बदललं ते परवा, मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. मुलाखतीत सुमेधा मॅडमनी चष्मा डोक्यावर चढवला आणि विचारलं, दहा वर्षांनी, म्हणजे २०३५ साली, ऊसतोडीच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, कोण राहत असेल? मी जराही विचार न करता म्हटलं, कुणीच नसेल. कोपीच नसेल. त्या हसल्या. म्हणाल्या, गुरुवारी सामान घेऊन ये.

तर आलो! पाथर्डीहून एसटीनं नगर, नगरहून दुसरी एसटी. एक बॅग, एक गादीची वळकटी आणि ही नवी वही. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं तेव्हापासून घरात माझा विषय कुणी काढत नव्हतं. (वर्गातला एक जण 'कोयत्याची पोरं' म्हणाला आणि मी त्याच्या तोंडावर जेवणाचा डबा हाणला. स्टीलचा.) आता मला हुद्दा आहे: तंत्रज्ञान-भविष्यवेधक. आईला फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, म्हंजी पोपटवाला का रं? म्हटलं, तसंच समज, फक्त पोपट लॅपटॉपात बसलाय.

ऑफिस बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोन टेबलं, मागच्या खोलीत मी आणि माझा स्टोव्ह. मॅडम नगरच्या. घरात तीन पिढ्या मास्तर. त्या आठवड्यातून तीन दिवस येतात. गॅलरीतून कालवा दिसतो, कालव्यापलीकडे ऊस, आणि उसाच्या कडेला मोकळं रान. तिथं आपल्याकडच्या टोळ्या उतरायला लागल्यात. पाचटाच्या कोप्या उभ्या राहताहेत. माझं लहानपण तसल्याच कोपीत गेलं. आज मी वरून बघतोय. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काम आवडलं. साखर कारखाने, ट्रॅक्टरवाले, ठिबकच्या पाइपा विकणारे, सगळ्यांना एकच विचारायचं असतं: पुढं काय येणार? आम्ही ते हुडकतो. नुसते कागद वाचून नाही. मॅडम म्हणतात, मोठा बदल आधी बारीक खुणांनी येतो. म्हणून मी काल बैलांना नाल मारणाऱ्याशी तासभर बोललो. गेल्या हंगामात दिवसाला वीस बैल यायचे, आता आठ. हीच खूण. मी ती लिहून घेतली तर तो म्हणाला, साहेब, माझ्या पोटावर येणार असंल तर लिवू नगा.

मॅडमची एक पद्धत आहे. अहवाल पन्नास पानांचा असतो, पण संचालक मंडळी वाचतात एकच पान. त्या पानावर आकडे नसतात, एक माणूस असतो. त्याचं नाव, त्याचं घर, २०३५ सालातला त्याचा एक दिवस. सगळं आत्ता घडतंय असं लिहायचं. मंडळाला ते पान पटलं की अहवाल मान्य.

त्यांचा नियमही एकच आहे. पानावर जिवंत माणसाचं नाव घालायचं नाही. मी म्हटलं, कोर्टकचेरी होते का? त्या म्हणाल्या, नाही. पेन उघडलं आणि परत टोपण लावलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आबासाहेबांची टोळी आली. म्हणजे रोहिणी आली.

सकाळी कोप्यांवर गेलो. आबासाहेब आमच्या गावचे मुकादम आणि रोहिणीचे वडील. मला बघून म्हणाले, आरं बिभीषन, लंका सोडून हिकडं कुठं? सगळे हसले. बायडामावशीनं बसायला पोतं टाकलं. ती आमच्या शेजारची. साठ वर्षांची आहे, पण तोडीला अजून पोरींच्या पुढं असते. मोळी बांधताना तिचे हात दिसत नाहीत, नुसती हालचाल दिसते. लहानपणी मी पाळण्यात आणि ती उसाच्या फडात, आई आजारी असली की हीच मला बघायची.

रोहिणीचं लग्न ठरलंय. टोळीतल्याच वाल्मिकशी. मार्गशीर्षातच, इथल्याच देवळात. घाई कशाची तर कोयत्याची. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. मुकादम टोळीत माणसं घेत नाही, कोयते घेतो. सुटी पोरगी अर्धा कोयता, सुटा पोरगा अर्धा कोयता. दोघांना बांधलं की एक होतो.

मी रोहिणीला कालव्यावर गाठून म्हटलं, हे लग्न आहे का जुळणी? ती म्हणाली, जुळणी तर जुळणी. वाल्मिक चांगला हाय, हसवतो. मी म्हटलं, आणि मी? ती म्हणाली, तुझं डोकं लई लवकर तापतं, बिभीषन. तापल्या तव्यावर कोन बसंल?

ते बोलतानाही हसत होती. तिच्या उजव्या तळव्यावर कोयत्याचा जुना वण आहे, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. मी तो पाचवीपासून ओळखतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तोडणी यंत्रं विकणाऱ्या एका डीलरसाठी माझं पहिलं पान. सगळं जमलं, नाव जमेना. खोटं नाव घातलं की बाई पुठ्ठ्याची वाटायची. शेवटी बायडाबाई लिहिलं आणि पान आपोआप चालायला लागलं.

'२०३५. बायडाबाई ओट्यावर बसली आहे. वरच्या फडात यंत्र फिरतं आहे. तिचे हात मांडीवर पडले आहेत. त्यांना काही करायचं नाही. यंत्र गेलं का गं, ती विचारते.'

मॅडम नगरला होत्या. मी परस्पर पाठवलं. तासाभरात डीलरचा निरोप आला: एकदम मान्य, डोळ्यापुढं बाई उभी राहिली. मी स्वतःलाच भेळ खाऊ घातली.

२३ नोव्हेंबर, रविवार

बायडामावशी कोपीच्या दाराशी दगडावर बसलेली. हात मांडीवर, तळवे वर. गुरुवारी दुपारी फडात कोयता गळून पडला म्हणे. तेव्हापासून असंच. डॉक्टरनी टाचणी टोचली, बोट हललं. नस चांगली, ताकद चांगली. हातांना काय करायचं तेच ठाऊक नाही. सून भाकरी भरवत होती.

मला बघून मावशीनं विचारलं, यंत्र गेलं का गं?

ती कधी 'यंत्र' म्हणत नाही. 'मशीन' म्हणते. आणि मला 'गं' का म्हणेल? रानात मशीन नव्हतंच. या बाजूला अजून एकही आलेलं नाही.

योगायोग असेल. गुरुवारी दुपारी किती वाजता, ते मी विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मावशीला बघायला गेलो होतो, खरंच तिच्यासाठीच. चहा चालला होता. वाल्मिक म्हणाला, भविष्यवाले पावनं, आमचं दोन हजार पस्तीस साली काय हुनार, बगा की जरा हात. आणि हात पुढं केला. सगळे हसले. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मला आत्ता लिहिताना कळतं. तिथं कळलं नाही. रोहिणी हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

परत आलो. कारखान्याच्या अहवालाचं पान अर्धं पडलं होतं. त्यात एक आकडा आहे: आजच्या तोडणी मजुरांपैकी चारांतला एक २०३५ साली या कामात नसेल, आणि कुठे गेला तेही कुणाला ठाऊक नसेल. मी बसल्या बैठकीला लिहिलं:

'२०३५. टोळीच्या यादीत वाल्मिक नाही. तो कुठेच नाही. कुणी त्याची वाट बघत नाही.'

पाठवलं. मग तोंड धुतलं.

३० नोव्हेंबर, रविवार

काल मंडळानं पान मान्य केलं.

आज कोप्यांवर गेलो. वाल्मिक दिसला नाही. आबासाहेबांना विचारलं. म्हणाले, कोन वाल्मिक? मी म्हटलं, तुमचा होणारा जावई. ते खवळले. पोरीचं अजून कुटं जमलं न्हाई, आन तू गावभर काय उठवतो रं?

रोहिणीला विचारलं. तिनं खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठी घातली, मग मान हलवली.

त्याची आई लंकाबाई चुलीपुढं होती. तिनं सात भाकरी थापल्या. कोपीत माणसं सहा. सातवी हातात धरून बसून राहिली. म्हणाली, कालपासनं ही एक जास्तच हुती बग. मोजून पीठ घेते तरी. कुनाची म्हनायची ही?

मी ती खाल्ली. दुसरं काय करणार होतो? तिनं दिली, मी खाल्ली.

२ डिसेंबर, मंगळवार

इथं खोटं लिहून उपयोग नाही. वही माझीच आहे.

मला आता कळलं होतं. पान मान्य झालं की पानावरचं माणूस तसं होतं. हे कळल्यावर मी काय करायला पाहिजे होतं? मॅडमना फोन. वाल्मिकला परत आणायची काहीतरी खटपट. त्याऐवजी मी अहवालाला पुरवणी जोडली. 'दुसरी पिढी' या नावाखाली.

'२०३५. रोहिणी बेलापुरात दोन खोल्यांत बिभीषणबरोबर राहते. तिनं कोयता कधी धरलेला नाही. ती चहा ठेवते. दार उघडून म्हणते, आज लवकर आलात. ती सुखी आहे.'

चार वेळा खोडलं. पाचव्यांदा पाठवलं.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी पुरवणी मान्य झाल्याचा निरोप आला. दुपारी बाजारातून आलो. दार आतून उघडलं. रोहिणी. हिरवी साडी. म्हणाली, आज लवकर आलात.

हातातली पिशवी उंबऱ्यातच टाकून दिली. आनंदानंच. तेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी आबासाहेब वाटेत भेटले. जावईबापू, म्हणाले, आमच्या लेकीला जपा. माझ्या पाया पडायला वाकले.

५ डिसेंबर

तिचा तळवा बघितला. वण नाही. रेषा सोडून काहीच नाही. लहान बाळाच्या हातासारखा.

तिला विचारलं, तव्यावर कोण बसेल म्हणाली होतीस, आठवतं? ती हसली. म्हणाली, आज लवकर आलात. गावाबद्दल विचारलं. आज लवकर आलात. रोहिणी, मला शिवी दे, एकच दे, म्हटलं.

आज लवकर आलात.

मी पुढच्या खोलीत, ऑफिसात झोपतो. तिला हातही लावलेला नाही. पण मी काही उपकार करत नाहीये.

६ डिसेंबर, शनिवार

ती चहाचं पातेलं नुसत्या हातांनी उचलते. उकळतं. बोटं लाल झाली, फोड आले. तोंडावर हसू तसंच. मी ओरडून पातेलं हिसकावलं, फरशीवर सांडलं. ती दुसरा चहा ठेवायला वळली.

ती सुखी आहे, असं मीच लिहिलं होतं. मी चिमटा फेकला, स्टोव्ह गॅलरीत टाकला. तिनं रिकाम्या जागी पातेलं ठेवलं आणि उभी राहिली.

७ डिसेंबर, रविवार

मॅडमना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पर्समधून एक फोटो काढला. कुठल्याशा गडावरचा. मॅडम एका कडेला उभ्या, डावा हात उचललेला, कुणाच्या तरी खांद्यावर टाकावा तसा. खाली कुणी नाही. हवा आहे.

म्हणाल्या, मी पण एकदा नाव घातलं होतं. जवळचंच कुणीतरी. मुलगा होता की भाऊ, ते आता सांगता येत नाही. लिहिणारा सगळ्यात शेवटी विसरतो, बिभीषण, पण विसरतो.

विचारलं, परत कसं आणायचं? म्हणाल्या, मान्य झालेलं पान मागं घेता येत नाही. त्या जागी दुसरं देता येतं. पण त्यांना आकडा तोच लागतो. एक जण नसलाच पाहिजे. मग कुणाचं नाव घालशील?

मी वही उघडली. वाल्मिक वाल्मिक वाल्मिक. विसरू नये म्हणून रोज लिहिणार.

८ डिसेंबर

बायडामावशीचं पान बदलून बघितलं. हात रिकामे नाहीत, ते मेथी निवडतात, असं लिहिलं. डीलर म्हणाला, छान, मान्य.

दुपारी गेलो. ती मेथी निवडतेय. मेथी संपली. पाचट निवडतेय. पोत्याचे धागे. आता स्वतःचे केस —

सुनेनं तिचे हात कापडानं बांधलेत. कापडात बोटं चालूच.

वाल्मिक.

९ डिसेंबर

कालच्या पानावर शेवटी एक नाव लिहिलंय. अक्षर माझंच. परवाच्या पानावर तीनदा.

कोण हा?

मागची पानं वाचली. म्हणजे असा कुणी होता. हसवायचा. हात पुढं केला होता. मी त्याला — वाचून कळतं, आठवत नाही. चेहरा नाही. आवाज नाही. एखाद्याला मारून टाकावं आणि कोणाला मारलं ते वहीत बघून घ्यावं लागावं —

रोहिणी पण अशीच जाईल. ती जाणार नाही, मी विसरेन की ती आधी दुसरी कुणी होती. मग हीच मला खरी वाटेल. हिच्याबरोबर सुखात राहीन मी.

ते व्हायच्या आत.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळ

नावं खूप सुचली. तोंडावर डबा खाल्लेला तो वर्गातला. मुंबईला गेलेला एक मामा. मेलेल्या माणसाचं चालेल का. एक तर सरळ शोधून काढलं, यादीत कुठलंही —

नाही. पुरे.

एकच पान लिहिलं. तिन्ही पानांच्या जागी. डीलरला आणि कारखान्याला, दोघांना.

'२०३५. एक माणूस. हातांतली कला गेलेला, गावापासून तुटलेला, कुठल्याच यादीत नसलेला. कुणी त्याची वाट बघत नाही. नाव बिभीषण.'

आकडा तोच. मॅडमचा फोन आला, पाठवू नकोस म्हणाल्या, आपण विचार करू. मी विचार करणारा असतो तर —

पाठवलं.

१० डिसेंबर. दुपार

डीलर: मान्य.

अर्ध्या तासानं आबासाहेबांच्या टोळीतल्या एकाचा फोन. बायडामावशीनं बांधलेलं कापड स्वतः सोडलं. कोयता मागितला. आधी एक शिवी दिली, मग मागितला. मी रडलो. बोलता बोलता तो म्हणाला, पर तुमी कोन बोलताय?

११ डिसेंबर

मंडळ अकराला बसणार.

मॅडम आल्या. दार ढकललं, माझ्या टेबलावर आपली पर्स ठेवली. मी समोर उभा. त्या इकडंतिकडं बघून म्हणाल्या, एवढी भांडी कुणाची इथं? स्वतःशीच. मागच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या, परत फिरल्या, गेल्या.

पेन नीट धरता येत नाही. बोटांना ते काय असतं —

सव्वाअकरा. फोनवर निरोप: मान्य.

रोहिणीच्या फोड आलेल्या हातात रिकामं पातेलं होतं. ती किंचाळली. आई गं! पातेलं टाकलं. हात झटकला, ओठ चावला, शिवी दिली. किती वर्षांत एवढं चांगलं काही ऐकलं नाही. तळव्यावर वण — आहे. अंगठ्यापासून मनगटापर्यंत.

ती माझ्यातून बघतेय. रोहिणी, म्हटलं. परत म्हटलं. नाही.

गॅलरीत धावली. खाली कुणाला तरी हाक मारली. एक पोरगा पायऱ्या चढून आला, दोन-दोन. उंच, पुढचा दात तुटका. मी ओळखत नाही. वहीत वाचलेला तोच असणार. ती म्हणाली, कुटं हुता रं एवडं दिस? तो म्हणाला, मी कुटं जातोय, फडातच तर हुतो. तूच हितं काय करती?

तिचा हात बादलीत. ती रडतेय, त्याला टोचून बोलतेय. तो काहीतरी म्हणाला, ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तिनं विचारलं, कुनाची हाय रं ही खोली? आसंल कुना मास्तराची, तो म्हणाला, बस जरा, हात निवू दे.

बसू द्या त्यांना. मी मध्ये उभा आहे, पण ते माझ्या —

अक्षर वाकडं जातंय. वही घेतली.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. आतून रोहिणी म्हणाली, वाऱ्यानं लागलं बग दार. आज वारं कुटं हाय, तो म्हणाला. उघडून बघू का —

नको, मी दाराला पाठ लावून